दुप्पट रॅमची गोष्ट

मशीन स्लो झालं की आपण टास्क मॅनेजर उघडतो, मेमरी ८५-९० टक्के भरलेली दिसते आणि हात आपोआप एखादा 'मेमरी क्लीनर' शोधायला लागतात. फुकट असतो, एकच बटण दाबायचं आणि आकडा झपकन खाली! या बटणाचे एक पणजोबा आहेत. आज त्यांची गोष्ट.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. कागदोपत्री त्याला ४ एमबी रॅम पुरायची, पण धड चालवायचं तर ८ हवीच. (एमबी बरं का, जीबी नव्हे!) अमेरिकेत तेव्हा एका एमबीला तीसेक डॉलर पडायचे. म्हणजे नुसते ४ एमबी वाढवायचे तर शंभरावर डॉलर गेलेच. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सिंक्रोनिस कंपनीचं 'सॉफ्टरॅम ९५' बाजारात आलं. दावा काय, तर मेमरीतला डेटा कॉम्प्रेस करून आम्ही रॅम दुप्पट करतो. किंमत रॅमच्या मानाने किरकोळ. सहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

मग मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी त्याचे ड्रायव्हर उसवून बघितले. आत काय सापडलं? कॉम्प्रेशन होतच नव्हतं! स्क्रीनवरचा मीटर तेवढा दुप्पट रॅम दाखवायचा. १९९६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि कंपनीला हे दावे थांबवावे लागले.

गंमत म्हणजे कल्पना खोटी नव्हती, माल खोटा होता. मॅकवर २०१३ मध्ये आणि विंडोज १० मध्ये २०१५ मध्ये खरंखुरं मेमरी कॉम्प्रेशन आलं. आणि ते गुपचूप चालतं, मीटर मिरवत नाही.

बरेचसे क्लीनर आजही मीटरवरच खेळतात. चालू प्रोग्रॅमची पानं ते रॅममधून हाकलतात. आकडा उतरतो, पण त्या प्रोग्रॅमला पुन्हा हात लावला की तीच पानं परत आणावी लागतात, काही तर थेट डिस्कवरून. म्हणजे मशीन आणखी स्लो! शिवाय भरलेली रॅम म्हणजे आजार नाही. फायली पटकन मिळाव्यात म्हणून विंडोज मोकळ्या रॅममध्ये कॅश ठेवतं आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडतं.

मग करायचं काय? त्याच रसिनोविचने पुढे 'प्रोसेस एक्स्प्लोरर' लिहिलं. ते फुकट आहे आणि २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. त्यात 'प्रायव्हेट बाइट्स' हा कॉलम लावा आणि तासभर नजर ठेवा. काही काम चालू नसताना एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा चढतच राहिला, तर बहुधा तिथेच गळती आहे. तो बंद करा, अपडेट करा, नाहीतर काढून टाका. आणि सगळेच आपापल्या जागी शहाण्यासारखे वागत असतील, तर सरळ रॅम विकत घ्या.

दुप्पट करून देणारा भेटला, तर आधी त्याचा मीटर कोणी बनवलाय ते विचारा!