तिसऱ्या दिवसाची कळ

राजांच्या लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज मी एका दाढेचा इतिहास सांगणार आहे. अक्कलदाढ काढली की पहिल्या दिवशी दुखते, दुसऱ्या दिवशी जरा उतार पडतो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना कानापर्यंत अशी कळ जाते की, आधीची दाढदुखी परवडली असे वाटावे. या कळेशी तंबाखूच्या धुराचा संबंध आहे, हे मोजून सिद्ध होण्यास चारशे वर्षे लागली. एवढा उशीर का झाला, हा माझा विषय.

तंबाखू युरोपात शिरली ती औषध म्हणून. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ मध्ये तिच्या गुणांची जी यादी छापली, तीत दातदुखीही आहे. पानाच्या रसात भिजविलेल्या फडक्याने दात पुसावा व पानाची गोळी त्यात बसवावी, असा त्याचा उपाय. आपल्याकडे १६०४ च्या सुमारास असद बेग विजापुराहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारी गेला. हकिमाने हरकत घेतली की, आमच्या ग्रंथांत या पानाचे नाव नाही. असद बेगाने युरोपातील शहाण्यांचा दाखला दिला. एकाजवळ ग्रंथ, दुसऱ्याजवळ परक्यांचा लौकिक. रोग्यांची मोजदाद कोणाजवळच नव्हती. १६१७ मध्ये जहांगिराने मनाईहुकूम काढला, तोही टिकला नाही. पुढे तंबाखू भाजून केलेली मशेरी महाराष्ट्रातील कितीतरी घरांत दातांना लागू लागली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने बंदी केली ती १९९२ मध्ये. मोनार्देसच्या यादीनंतर ४२१ वर्षांनी!

मध्यंतरी दंतवैद्यकाने मोठी मजल मारली. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८४६ मध्ये मॉर्टनने ईथर वापरले. खुर्चीतील कळ अशी हटली. तिसऱ्या दिवसाची मात्र राहिली. १८९६ मध्ये क्रॉफर्ड या अमेरिकन दंतवैद्याने तिचे वर्णन करून तिला ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी खाच, असे नाव दिले.

या खाचेत घडते काय? दाढ निघाली की तेथे रक्त साचून गोठते. ती गुठळी हे जखमेवरचे झाकण. तिच्या आश्रयाने नवे मांस भरत येते. झाकण अकाली गेले की हाड उघडे पडते आणि कळ सुरू होते. डेन्मार्कच्या बर्न यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, हाडाला इजा व दाह झाला म्हणजे गुठळी विरघळविणारी शरीराचीच क्रिया तेथे अवेळी जोर धरते. धूम्रपान करणाराच्या बाबतीत आणखी भर पडते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त प्राणवायू कमी वाहते, आणि झुरका घेताना बसणारी ओढ गुठळीला हलवू शकते. यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

परिणामाविषयी मात्र फारशी शंका उरली नाही. १९७८-७९ च्या सुमारास अमेरिकेत स्वीट व बटलर यांनी खालच्या जबड्यातील ४०० अक्कलदाढांचा हिशेब मांडला. न ओढणारांत कोरडी खाच शेकडा २.६, रोज अर्धे पाकीट ओढणारांत शेकडा १२, आणि दाढ काढली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ओढणारांत शेकडा ४०. पुढील पाहण्यांत आकडे कमीअधिक आले, पण कल हाच राहिला.

उशिराचे कारण आता दिसते. दुखू लागले की माणूस बिडी पेटवितो. दुखण्याने बिडी आणली, एवढेच त्याला दिसते. बिडीने दुखणे आणले, हे दिसत नाही. दंतवैद्याला दिसते ती खाच. दोन भेटींच्या मधली बिडी त्याच्या नजरेआड ओढली जाते. ती कधी ओढली हे विचारून टिपून ठेवीपर्यंत हा संबंध उघड होणे शक्य नव्हते.

आणि येथे माझ्या कामाचा संबंध येतो. कारखान्यात बिडीचे निमित्त म्हणजे यंत्रापासून पाच मिनिटांची सुटका. पुष्कळांना दुसरी विश्रांती ठाऊकच नसते. कामगारांसाठी राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ मध्ये झाला, १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. मोठेच पाऊल होते ते. पण त्या कायद्याने आजारभत्ता देताना पहिले दोन दिवस वगळले होते. गुठळीच्या दृष्टीने नेमके तेच दिवस नाजूक! रोज बुडू नये म्हणून सकाळी दाढ काढून दुपारी पाळीवर जाणारा माणूस बिडीच्या सोबतीतच दिवस काढतो. त्याला नुसते “ओढू नका” म्हणून कसे भागेल?

पण कामगाराच्या बिडीला हात लावू नका, असे म्हणणारे आमच्या चळवळीतही आहेत. तेही मला पटत नाही. कळ त्यालाच सोसावी लागते आणि पुन्हा खाडाही त्याचाच होतो. म्हणून दाढ काढणाराला निदान तीन दिवसांची पगारी रजा मिळावी, आणि त्या तीन दिवसांत त्याने बिडी-सिगारेटला शिवू नये, अशी दुहेरी मागणी मी संघटनेपुढे मांडत आलो आहे. पहिली मागणी मालकाकडे आहे. दुसरी आपली आपल्याकडे. तिला कोणाच्या सहीची गरज नाही.