मोटेवरचं गाणं

पहाटे बांधानं फिरत जुन्या विहिरीपाशी गेलो. 1970 च्या आसपास आमच्याकडं इंजिनं, मग विजेच्या मोटारी आल्या. त्याआधी इथं मोट चालायची. बैल धावेवरून उतरायचे, मोटकरी नाड्यावर बसून गाणं धरायचा. पाणी थारोळ्यात पडलं की बैल मागं, गाणंही क्षणभर थांबायचं. बैलांना चाल मिळायची, माणसाला शीण कळत नसे. लांब दारं धरणारा गाण्यावरूनच मोटेचा अंदाज घ्यायचा. वडील आमच्यातले शेवटचे मोटकरी. पोरगा म्हणतो, धाव सपाट करू, दोन सऱ्या वाढतील. मी अजून हो म्हणालो नाही. तुमच्याकडं कुणा म्हाताऱ्याला ही गाणी येत असतील, तर आजच जवळ बसून ऐका.