अठ्ठावीस वर्षांनी परतलेला सुतार

जेम्स कॅमेरॉन स्कॉटलंडचा सुतार. १८२६ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने त्याला मादागास्करला पाठवलं ते प्रवचनांसाठी नव्हे, हातकामासाठी. सोबत आलेला छपाईवाला तापाने लवकरच गेला; छपाईयंत्र कॅमेरॉननेच जोडलं. दुसऱ्याचं अर्धवट काम गळ्यात पडलेला हा माणूस मला लगेच आपल्यातला वाटला!

१८३५ मध्ये राणी पहिली रानावालोना हिने प्रजेला ख्रिस्ती धर्माची बंदी केली. मिशनरी निघाले, पण त्याआधी मालागासी बायबल छापून झालं होतं. लोकांनी ते जमिनीत पुरलं, चोरून वाचलं. १८३७ मध्ये रासालामा नावाच्या बाईला भाल्याने मारलं.

१८६१ मध्ये राणी वारली. १८६३ मध्ये कॅमेरॉन परतला. मागे मूठभर माणसं सोडली होती. आता हजारो होती, आणि त्यांना शिकवणारेही तिथलेच. मिशनच्या इतिहासात या भेटी आनंदाच्या म्हणून रंगवतात. मला त्यात थोडं अवघडलेपणही दिसतं. आपल्यावाचून वाढलेल्या मंडळीत आपण नेमकं करायचं काय?

कॅमेरॉन बांधकामाला लागला. बंदी घालणाऱ्या त्याच राणीचा लाकडी राजवाडा होता, त्याला त्याने बाहेरून दगडी भिंती चढवल्या. १८७५ मध्ये तो तिथेच वारला. १९९५ च्या आगीत राजवाड्यातलं लाकूड जळालं. भिंती उभ्या राहिल्या.