मोर्चा, कोंबिंग आणि कोठडी : परभणीनंतर हिंगोलीतल्या वस्त्यांनी काय माहीत करून घ्यावे

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोकांनी त्या इसमाला जागेवरच पकडले. त्याच दिवशी नंदीग्राम एक्सप्रेस अडवण्यात आली आणि 11 डिसेंबरला परभणी बंद पुकारला गेला. बंदला हिंसक वळण लागले, दुकाने व वाहने फुटली, जाळपोळ झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. त्यानंतर आंबेडकरी वस्त्यांमध्ये कोंबिंग सुरू झाले आणि पन्नासच्या आसपास लोक ताब्यात घेतले गेले. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी परभणीच्या चळवळीतले ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

हिंगोलीला हे प्रकरण शेजारचे म्हणून सोडून देता येत नाही. 1 मे 1999 पर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो. आजही दोन्ही जिल्हे नांदेड पोलीस परिक्षेत्रात येतात, दोघांचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरलाच आहे, आणि नातीगोती तर घराघरात आहेत. वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव या भागांतल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला महिलांच्या बैठकांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पोरगा मोर्चाला गेला आणि उचलला, तर आम्ही जायचे कुठे? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

विश्वास नेमका कुठे तुटतो

मोर्चात लाठी बसली म्हणून समाजाचा पोलिसांवरचा विश्वास जातो, असे सहसा मानले जाते. आमचे निरीक्षण वेगळे आहे. चौकातली लाठी लोक सोसतात, काही वेळा समजूनही घेतात. विश्वास तुटतो तो रात्री, गल्लीत गाडी शिरते तेव्हा. मोर्चा उघड्यावर असतो, मोबाईल चालू असतात, पत्रकार असतात. कोंबिंगला आणि कोठडीला साक्षीदार नसतो. म्हणून प्रश्न दगड कोणी मारला एवढाच राहत नाही. दगड न मारलेला माणूस आत गेला तर तो धडधाकट बाहेर येईल का, याची खात्री वाटते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ही शंका काही कालची नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. पोलीस उशिरा आले किंवा आलेच नाहीत, ही त्या पिढीची आठवण आजही सांगितली जाते. पुढे 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस बलाने गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. गुंडेवार आयोग नेमला गेला. संबंधित उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते मे 2009 मध्ये, म्हणजे जवळपास बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयात त्या शिक्षेला स्थगितीही मिळाली. लोक न्यायालयावर विश्वास ठेवत नाहीत असे नाही, पण बारा वर्षे हा काळ एखाद्या कुटुंबाला फार मोठा असतो.

आणि आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. 11 डिसेंबरला ज्यांची दुकाने फुटली, त्यांतल्या बहुतेकांचा विटंबनेशी काही संबंध नव्हता. तोडफोडीने संविधानाचा मान राखला जात नाही, आणि कोंबिंगला निमित्त मिळते ते वेगळेच. मात्र तोडफोड झाली म्हणून कोठडीतली मारहाण क्षम्य ठरत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत.

‘व इतर’ या दोन शब्दांची किंमत

दंगलीच्या फिर्यादीत साधारणपणे काही नावे असतात आणि पुढे ‘व इतर अनोळखी’ असे लिहून अंदाजे आकडा दिलेला असतो. वस्तीला खरी भीती या दोन शब्दांची आहे. नाव नसलेल्या कोणालाही नंतर त्यात बसवता येते. त्यातच भारतीय न्याय संहितेचे कलम 190 (जुने 149) असे सांगते की बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार. म्हणजे दगड हातात नसला तरी चालते, समान उद्देशाने त्या जमावात असणे सिद्ध झाले की पुरे. म्हणून एफआयआरची प्रत पहिल्याच दिवशी मिळवावी आणि किती नावे आहेत, किती अनोळखी आहेत, वेळ व ठिकाण काय दाखवले आहे, हे वकिलाकडून वाचून घ्यावे. मुलगा त्या वेळी कामावर, कॉलेजात किंवा दवाखान्यात असेल तर हजेरी, तिकीट, सीसीटीव्ही असा पुरावा लगेच गोळा करावा. दुकानांतले फुटेज बहुतेक ठिकाणी काही दिवसांतच पुसले जाते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक अपेक्षित नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) प्रमाणे हजर राहण्याची नोटीस देता येते. नोटीस आली तर पळू नये. वकिलासह हजर व्हावे आणि पोच घ्यावी.

अटक झालीच तर

पहिले चोवीस तास सर्वांत महत्त्वाचे. अटकेची वेळ नोंदवलेला अटक पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही हवी. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 साली घालून दिलेले हे नियम आता कायद्यातच आले आहेत. नातेवाइकाला कळवणे (कलम 48), वकिलाला भेटू देणे (कलम 38), चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे (कलम 58) ही पोलिसांची जबाबदारी आहे. अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले. कलम 37 प्रमाणे अटक झालेल्यांची नावे ठाण्यात दर्शनी भागात लावायची असतात. कुठल्या ठाण्यात नेले हे कोणी सांगत नसेल, तर या कलमाचा हवाला द्यावा.

अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. तशी वेळ आली तरी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

आम्ही सर्वांत जास्त आग्रह धरतो तो कलम 53 च्या वैद्यकीय तपासणीचा. अटकेनंतर लगेच डॉक्टरने तपासायचे असते, जखमा आणि त्या अंदाजे केव्हाच्या हे लिहायचे असते, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. बरेच लोक ती मागतच नाहीत. दंडाधिकारी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असे विचारतात तेव्हा मुले घाबरून ‘नाही’ म्हणतात. परभणीच्या प्रकरणातही मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत अशाच उत्तराचा आधार घेतला होता. उलट शवविच्छेदनाच्या प्राथमिक मतात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. मुलाने तोंडाने ‘नाही’ म्हटले असले, तरी कागदावर लिहिलेली जखम नाकारता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि कोठडीतल्या व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट लागत नाही. पोलिसांविरुद्ध तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत करावी. प्रकाश सिंह निकालाने (2006) पोलीस तक्रार प्राधिकरणे जिल्हास्तरापर्यंत सांगितली होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती राज्य आणि विभाग पातळीवरच आहेत, म्हणजे हिंगोलीच्या माणसाने दाद मागायची ती छत्रपती संभाजीनगर विभागात. मजुरी बुडवून किती जण तिथवर जातील?

कोठडीतल्या मृत्यूनंतर

असा मृत्यू झाला तर कलम 196 नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे. परभणीत ती झाली आणि तिच्यात पोलिसांकडे बोट दाखवले गेले. पण त्या अहवालाचे पुढे काय करायचे, गुन्हा कोणी आणि कधी नोंदवायचा, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. सोमनाथच्या आईच्या याचिकेत अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी हीच उणीव उच्च न्यायालयासमोर मांडली. 4 जुलै 2025 रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला ती याचिका फेटाळली गेली. मृत्यूपासून साडेसात महिने फक्त गुन्हा नोंदवून घेण्यासाठी लागले, तेही राज्यभर गाजलेल्या प्रकरणात. ज्या मृत्यूसाठी लाँग मार्च निघत नाही, त्याचे काय होत असेल याचा विचार वाचकांनी करावा.

राहिला प्रश्न मुलांवरच्या गुन्ह्यांचा. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, आणि त्याच मैदानांच्या आसपास आपली मुले पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात. चारित्र्य पडताळणीत दंगलीचा एक गुन्हा निघाला की ही सारी मेहनत अडकते. आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी घेते. त्यात जीवितहानी झालेली नसावी यांसारख्या अटी असतात, आणि सरकारी वकिलाने कलम 360 खाली अर्ज करून न्यायालयाची संमती घ्यावी लागते. मंत्र्यांनी सभेत घोषणा केली म्हणजे गुन्हा मिटला असे होत नाही. न्यायालयाचा आदेश हातात येईपर्यंत तारखेला हजर राहावे, नाहीतर वॉरंट निघते. भरतीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवू नये. लपवल्याचे उघड झाले, तर गुन्ह्यातून सुटलेल्या मुलाचीही निवड त्याच कारणाने रद्द होऊ शकते.