पुढच्यास ठेच, मागचा शहाणा? ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट लांबणीवर टाकण्याचा इतिहास

१/ संगणकाच्या पडद्यावर अपडेटची सूचना झळकते आणि बहुतेक जण ‘नंतर’ या पर्यायावर बोट ठेवतात. याला आळस म्हणण्याची रीत आहे. परंतु मोठ्या कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खाती यांनीही हेच केले आहे, आणि तेही पुष्कळदा पूर्ण विचारांती. या थांबण्याने कधी त्यांना वाचवले, तर कधी त्यांची मोठी हानी केली. हा फरक कशामुळे पडला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रथम एक भेद लक्षात घ्यावा लागेल. अपडेट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक म्हणजे ‘पॅच’, अर्थात ठिगळ : सापडलेले एखादे भगदाड बुजवणारी छोटी दुरुस्ती. दुसरी म्हणजे संपूर्ण प्रणालीची नवी आवृत्ती किंवा ‘सर्व्हिस पॅक’, ज्यात शेकडो बदल एकत्र येतात. पहिल्यात सहसा बिघडण्यासारखे थोडे असते, दुसऱ्यात बरेच. थांबण्याच्या निर्णयातील बहुतेक गोंधळ या दोहोंची गल्लत केल्याने झाला आहे.

३/ थांबण्याची सवय कार्यालयांना अनुभवाने लागली. १९९९ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० साठी सर्व्हिस पॅक ६ आणला. तो बसवताच अनेक कार्यालयांत लोटस नोट्स चालेनासे झाले. ज्यांच्याकडे प्रशासकाचे अधिकार नव्हते, म्हणजेच सर्वसामान्य कर्मचारी, त्यांचा सर्व्हरशी संपर्क तुटला. ज्या संस्थांचा सारा पत्रव्यवहार लोटस नोट्सवर होता, त्यांचे कामच अडले. मायक्रोसॉफ्टला घाईघाईने सुधारित ‘सर्व्हिस पॅक ६ए’ काढावा लागला.

४/ अशा प्रसंगांतून संगणक विभागांत एक अलिखित नियम रुजला : नव्या आवृत्तीला कधीही लगेच हात लावायचा नाही, इतरांचे काय होते ते आधी पाहायचे. मराठीत याला जुनी म्हण आहे, ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’. नियम शहाणपणाचाच होता. मात्र या म्हणीत एक अट दडलेली आहे. मागचा शहाणा ठरतो, तो पुढच्याकडे पाहत असतो म्हणून. नुसते मागे राहिल्याने कोणी शहाणा होत नाही.

५/ किती थांबावे, या प्रश्नाचे मोजून उत्तर देण्याचा प्रयत्न २००२ मध्ये झाला. स्टीव्ह बीटी, क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षा-ठिगळांचा अभ्यास करून एक प्रबंध मांडला. त्यांचा युक्तिवाद असा : ठिगळ सदोष असण्याची भीती दिवसागणिक कमी होते, कारण दोष उघडकीस येऊन दुरुस्त होतात. उलट हल्ल्याची भीती दिवसागणिक वाढते. या दोन रेषा जिथे छेदतात, तो ठिगळ लावण्याचा योग्य दिवस. हिशेबाअंती त्यांनी दोन मुक्काम सुचवले : दहावा दिवस आणि तिसावा दिवस.

६/ वर्षभरातच या हिशेबाची परीक्षा झाली. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर भगदाड बुजवणारे ठिगळ प्रसिद्ध केले. ११ ऑगस्टला ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर सुटला. मधले अंतर २६ दिवसांचे. जे दहाव्या दिवशी जागे झाले ते वाचले. जे तिसाव्या दिवसाची वाट पाहत होते ते सापडले.

७/ ब्लास्टरची लागण झालेला संगणक एका मिनिटाची सूचना देऊन पुनःपुन्हा बंद होई आणि सुरू होई. पुन्हा सुरू झाल्यावर ठिगळ उतरवून घ्यायला जावे, तर तेवढ्यात संगणक परत बंद. ज्याने दुरुस्ती लांबवली होती, त्याला आता दुरुस्तीपर्यंत पोहोचणेच अवघड झाले. इतकेच नव्हे, १६ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टच्या अपडेट संकेतस्थळावरच धडक मारण्याची योजना या वर्ममध्ये लिहिलेली होती.

८/ अंतर का घटत होते? जानेवारी २००३ मधील ‘स्लॅमर’ या वर्मच्या वेळी ठिगळ सहा महिने आधीपासून उपलब्ध होते. ब्लास्टरच्या वेळी २६ दिवस. ३० एप्रिल २००४ च्या सुमारास आलेल्या ‘सॅसर’च्या वेळी अवघे १७ दिवस. याचे कारण ठिगळातच आहे. जुनी फाइल आणि दुरुस्त फाइल शेजारी ठेवून तुलना केली, की भगदाड नेमके कुठे होते ते कळते. ठिगळ प्रसिद्ध होणे म्हणजे चोराच्या हाती घराचा नकाशा पडणे. त्या क्षणापासून न लावलेले ठिगळ हे आधीपेक्षा मोठे संकट ठरते.

९/ ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ठिगळे महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी देण्याची प्रथा सुरू केली. ‘पॅच ट्यूसडे’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. कार्यालयांना चाचणीचे वेळापत्रक आखता यावे, हा त्यामागचा हेतू. थांबण्याला प्रथमच दिनदर्शिका मिळाली. पण दिनदर्शिका चोरांनाही मिळाली. मंगळवारी ठिगळ आले, की बुधवारपासून त्यांचे काम सुरू होई.

१०/ मग २००४ चा ऑगस्ट उजाडला आणि विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. बिल गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्ये कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला अग्रक्रम देण्याचे ठरवले होते, त्याचे हे सर्वांत मोठे फळ. एक्सपीत फायरवॉल आधीपासून होती, पण मुळात बंद ठेवलेली. ती चालू असती तर ब्लास्टर पुष्कळ घरांच्या दारातच अडला असता. सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली.

११/ इथेच खरा पेच होता. फायरवॉल चालू झाली की चोर अडतात, तसेच कार्यालयाचे स्वतःचे जुने प्रोग्रामही अडतात. वर्षानुवर्षे उघड्या दारातून ये-जा करणाऱ्यांना अचानक कडी लागलेली दिसते. मायक्रोसॉफ्टनेच अशा अडचणी येऊ शकणाऱ्या प्रोग्रामांची यादी प्रसिद्ध केली. आयबीएमसारख्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना तूर्त हा सर्व्हिस पॅक बसवू नये असे कळवले. दुरुस्ती आणि बदल एकाच गाठोड्यात बांधलेले होते. एक हवे तर दुसरे घेणे भाग होते.

१२/ मायक्रोसॉफ्टने यावर काढलेला मार्ग आजही अभ्यासण्यासारखा आहे. कंपन्यांना स्वयंचलित अपडेट चालू ठेवून फक्त सर्व्हिस पॅक २ रोखून धरता येईल, अशी सोय दिली. प्रथम मुदत १२० दिवसांची होती, मागणीवरून ती २४० दिवसांची झाली. १२ एप्रिल २००५ नंतर मात्र ही सोय संपणार होती. या काळात मासिक ठिगळे येतच राहिली. म्हणजे थांबण्याला परवानगी होती, पण तीन अटींवर : फक्त मोठ्या बदलासाठी, चाचणीच्या कामासाठी, आणि ठरावीक तारखेपर्यंत.

१३/ या तीन अटी सुटल्या की काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तेथील शासनाने त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, रुग्णालय-संस्थांना एप्रिल २०१५ पर्यंत जुन्या प्रणालींतून बाहेर पडण्याच्या भक्कम योजना आखा, असे लेखी कळवले. तारीख होती. मात्र ती पाळली गेली की नाही, हे तपासण्याची पक्की व्यवस्था नव्हती.

१४/ पुढचा घटनाक्रम तारखांनिशी पाहू. १४ मार्च २०१७ : मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतील भगदाडाचे ठिगळ दिले. १४ एप्रिल : अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएने त्याच भगदाडासाठी घडवलेले ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने जगजाहीर केले. १२ मे, शुक्रवार : त्या हत्यारावर स्वार होऊन ‘वॉनाक्राय’ आला. ठिगळापासून ५९ दिवस, हत्यार उघड झाल्यापासून २८.

१५/ या तीन तारखांमधील मधली तारीख सर्वांत महत्त्वाची. १४ मार्चला ‘महिनाभर पाहू’ असे ठरवणारा अधिकारी बेजबाबदार नव्हता. पण १४ एप्रिलला परिस्थिती पालटली होती. ज्या माहितीवर थांबण्याचा निर्णय घेतला, ती माहिती जुनी झाली होती. एनएचएसच्या तंत्रज्ञान विभागाने मार्च आणि एप्रिलमध्ये इशारेही दिले. बऱ्याच ठिकाणी निर्णय पुन्हा उघडून पाहिलाच गेला नाही.

१६/ परिणाम रुग्णांनी भोगले. इंग्लंडमधील २३६ रुग्णालय-संस्थांपैकी सुमारे एक तृतीयांश बाधित झाल्या. १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवला. पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले. विशेष म्हणजे लागण झालेले बहुतेक संगणक जुनाट एक्सपीचे नव्हते. ते विंडोज ७ चे होते, ज्यांचे ठिगळ विनामूल्य उपलब्ध होते.

१७/ तरीही न्याय करताना रुग्णालयाची बाजू पाहावी लागते. एमआरआयसारख्या यंत्राच्या पोटात विंडोज असते, पण तिला हात लावण्याचा अधिकार बहुधा यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे असतो. चाचणी न केलेल्या अपडेटने ते यंत्र बंद पडले, तर तपासणीही अडते. कार्यालयात बिघडलेले अपडेट म्हणजे वाया गेलेला दिवस, रुग्णालयात त्याचा अर्थ निराळा. म्हणूनच लेखापरीक्षकांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवून दिली : ठिगळ लावलेले असो वा नसो, इंटरनेटकडील फायरवॉलची नीट व्यवस्था असती तरी बचाव झाला असता. थांबायचेच असेल, तर दार लावून थांबावे.

१८/ ‘मग सगळे लगेच अपडेट करावे’, हा धडाही पुरेसा नाही. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा प्रवेश युक्रेनमधील ‘मीडॉक’ या करविषयक हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला. हल्लेखोरांनी ते अपडेट पुरवणारे सर्व्हरच काबीज केले होते. इथे तत्परतेने अपडेट घेणाराच आधी सापडला. आणि एकदा जाळ्यात शिरल्यावर हा प्रोग्राम पासवर्ड चोरून पूर्ण ठिगळ लावलेल्या संगणकांवरही पसरत असे.

१९/ या लाटेचा तडाखा महाराष्ट्रालाही बसला. जहाजवाहतुकीतील बलाढ्य मर्स्क कंपनी या हल्ल्यात कोलमडली, आणि रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कीव्हमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटने न्हावा-शेवाचे काम अडावे, इतके हे जाळे एकमेकांत गुंतले आहे.

२०/ उलट उदाहरण २०१८ चे. २ ऑक्टोबरला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली. सुरुवातीला ती स्वतःहून अपडेट शोधणाऱ्या उत्साही मंडळींनाच मिळत होती. त्यांतील काहींच्या फोल्डरमधील कागदपत्रे आणि छायाचित्रे पुसली गेली. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या, पण ज्याची छायाचित्रे गेली त्याला हे प्रमाण सांगून काय उपयोग? वितरण थांबवले गेले आणि १३ नोव्हेंबरला नव्याने सुरू झाले. आधीच्या आवृत्तीवर थांबलेल्यांना या काळातही सुरक्षा-ठिगळे मिळत होती. त्यांचे थांबणे निर्धोक ठरले.

२१/ पुढे २०१९ मध्ये घरगुती विंडोज १० वापरणाऱ्यांनाही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवण्याची मुभा मिळाली. हा आकडा बोलका आहे. सहा महिने नाही, वर्ष नाही, महिन्याहून जेमतेम जास्त. यात एक नैतिक प्रश्नही आहे : सगळेच मागे थांबले तर ठेच लागणार कोणाला? मोठ्या संस्थांनी यावर टप्पे काढले. आधी संगणक विभागाचे मोजके संगणक, मग एखादा विभाग, मग सर्व. पुढचा आणि मागचा दोघेही आपल्याच घरात ठेवायचे, म्हणजे ठेच लहान आणि शहाणपण आपले.

२२/ आज हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-ठिगळे घेण्याची मुदत जाहीर झाली. अनेक धडधाकट संगणक विंडोज ११ च्या हार्डवेअरविषयक अटींत बसत नाहीत. विंडोज ११ कडे जाणे लांबवणारा आणि ठिगळे घेत राहणारा माणूस २००४ च्या कंपन्यांच्या रांगेत उभा आहे. ठिगळांविना तसाच चालू राहणारा २०१७ च्या रुग्णालयांच्या रांगेत.

२३/ इतिहासाने कोणताही एक आकडा दिलेला नाही, दहा दिवसांचा नाही की तीस दिवसांचा नाही. त्याने प्रश्न दिले आहेत. थांबलेली वस्तू ठिगळ आहे की नवी आवृत्ती? थांबून नेमके काय तपासले जात आहे? कोणत्या तारखेपर्यंत? मध्येच परिस्थिती पालटली तर ते कळवणार कोण? तोवर बॅकअप आणि फायरवॉल शाबूत आहेत का? उत्तरे तयार असतील, तर ‘नंतर’ हा निर्णय असतो. नसतील, तर तो केवळ विसर असतो, आणि २०१७ मध्ये अनेकांना भोवला तो विसरच.