दुरुस्तीच्या दुकानात जन्मलेला अँटीव्हायरस

अंबाजोगाईत घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस कोणता टाकायचा, हे बहुतेक घरांत दुरुस्तीवालाच ठरवतो. मशीन फॉरमॅट करून देताना तो विचारतो, "अँटीव्हायरस टाकू ना, सर?" आणि आपण हो म्हणतो. शहरातल्या पाहुण्यांना यात अडाणीपणा दिसतो. मला दिसत नाही, कारण महाराष्ट्रात घरोघरी पोचलेला अँटीव्हायरस मुळात दुरुस्तीच्या दुकानातच जन्मला.

तो काढणाऱ्या दोन भावांपैकी थोरले कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, महिना 400 रुपयांवर. 1990च्या सुमाराला त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटरमागून कॉम्प्युटर आले, तेही ते उघडायला शिकले. धाकटे भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुकानात येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये तुटलेलं काही नसायचं, पण व्हायरसमुळे ती चालायची नाहीत. साफ करून दिलं की महिन्याभरात तेच गिऱ्हाईक, तेच मशीन पुन्हा दारात. मग संजय एकेका व्हायरससाठी छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. कैलास ते गिऱ्हाइकांच्या मशीनवर चालवून बघत. अशी सुटी औषधं एकत्र करून 1995मध्ये 'क्विक हील' तयार झालं, किंमत साधारण 700 रुपये. आधी गरज पुढ्यात येऊन पडली, माल नंतर तयार झाला. या कुळकथेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

ज्या व्हायरसपासून संजय काटकरांची सुरुवात झाली, त्याचं नाव मायकेलअँजेलो. तो 1991मध्ये सापडला. हा बसायचा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. मशीन चालू होताना सर्वांत आधी वाचली जाते ती हीच 512 बाइटची जागा. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून राहिली आणि सकाळी बटण दाबलं, की विंडोज किंवा डॉस सुरू होण्याआधी व्हायरस मेमरीत शिरलेला असे. वर्षभर तो गप्प राही. 6 मार्चला, म्हणजे त्याच नावाच्या शिल्पकाराच्या जन्मतारखेला, मशीन सुरू केलं की हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. लोक 5 मार्चलाच घड्याळ दोन दिवस पुढे सरकवत, म्हणजे ती तारीख मशीनला दिसूच नये.

याच जातीचा त्याच्या आधीचा व्हायरस लाहोरचा. 1986मध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला, नाव ब्रेन. त्यांचंही कॉम्प्युटरचंच दुकान होतं, आणि त्यांनी व्हायरसमध्ये दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. लाहोरच्या दुकानातल्या दोन भावांनी रोग सोडला आणि नऊ वर्षांनी पुण्याच्या दुकानातल्या दोन भावांनी औषध विकायला काढलं. कादंबरीत हे कुणी लिहिलं असतं तर जुळवून आणल्यासारखं वाटलं असतं.

आपल्याकडे व्हायरस आला तो इंटरनेटवरून नाही, हातातून आला. आधी डीटीपीवाल्याकडून छापखान्यात जाणाऱ्या फ्लॉपीतून. 2001मध्ये एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली, तिच्या एमएससीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यात सुरू झाले आणि एकेका मशीनवर दिवसभरात कितीतरी मुलं बसू लागली. मग पेन ड्राइव्ह आले. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी असो की गुत्तेदार, प्रिंट काढायला सगळे त्याच दोन-चार दुकानांत जाणार, आणि तिथलं मशीन सगळ्या गावाचं पाणी प्यायलेलं.

त्या काळातला एक व्हायरस मुद्दाम जवळून बघण्यासारखा आहे. पेन ड्राइव्ह लावला की आत आपलाच पिवळा फोल्डर दिसे, नावही आपलंच. पण तो फोल्डर नव्हताच. खरा फोल्डर लपवलेला असे, आणि त्याच्या जागी फोल्डरचं चित्र लावलेली एक ईएक्सई फाइल. फाइलच्या नावाचं शेपूट विंडोज आपणहून झाकून ठेवत असल्यामुळे 'डॉट ईएक्सई' दिसायचंच नाही. आपण उघडायला जायचो आणि स्वतःच्या हातानं व्हायरस चालवायचो. दुरुस्तीवाला काळी खिडकी उघडून 'अ‍ॅट्रिब'ची एक ओळ मारी, आणि गेला गेला म्हणून रडलेला प्रबंध डोळ्यांसमोर परत येई. अँटीव्हायरस टाकून घ्यायला लोक तयार झाले ते हे बघून.

काटकरांची कंपनी 2007मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली, 2016च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात आली. पण दुकानातून खोका विकायचा धंदा तोवर बदलू लागला होता. 2012च्या विंडोज 8पासून मायक्रोसॉफ्टनं डिफेंडर हा पुरता अँटीव्हायरस विंडोजसोबतच फुकट दिला.

मग आज काय घ्यावं? विंडोज अस्सल असेल, अपडेट वेळच्या वेळी होत असतील आणि घरात कुणी कुठूनही काहीही उतरवून घेत नसेल, तर डिफेंडर पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं खेळांच्या चोरीच्या प्रती टाकत असतील किंवा मशीनवर दुकानाचा हिशेब असेल, तर पैसे देऊन घ्या; पुण्याचा क्विक हील, मुंबईचा ईस्कॅन, चेन्नईचा के7 हे आपल्याकडचेच आहेत. मात्र दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांवरच पहारा करत बसतात आणि मशीन रांगायला लागतं.

मुदत संपलेला अँटीव्हायरस मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. अँटीव्हायरस ओळखतो तो मुख्यतः व्हायरसच्या खुणांवरून, आणि नव्या खुणांची यादी रोज येते. मुदत संपली की यादी थांबते, पण कोपऱ्यातलं चिन्ह तसंच राहतं आणि घरचे निर्धास्त असतात. विंडोजचंही तेच. मे 2017मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातली इस्पितळं आणि कचेऱ्या बंद पाडल्या, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. विंडोज 10चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025ला थांबवला, आणि गावात अशी मशीन घरोघरी आहेत. ज्यांच्यावर विंडोज 11 चढतं त्यांवर ते आधी चढवून घ्यावं, अँटीव्हायरसच्या पैशांचा विचार नंतर करावा. ज्यांच्यावर चढत नाही, त्यांवरून बँकेचं काम करू नये.