वास्तू तीच, धनी निराळे

पणजीत मांडवीकाठी उभा असलेला आदिलशाही राजवाडा पाहताना आमच्या मनात भिंतींपेक्षा तेथील रहिवाशांचाच विचार आला. विजापूरच्या सुलतानाचा हा वाडा पुढे पोर्तुगीजांच्या हाती गेला. जुन्या गोव्यात रोगराईने ठाण मांडले, तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉय येथे राहावयास आले. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता संपली आणि १९६४ पासून याच वास्तूत गोव्याची विधानसभा भरू लागली. २००० साली तीही पर्वरीस गेली.

सुलतान व व्हाइसरॉय यांनी येथून हुकूम सोडले. लोकप्रतिनिधींना मात्र येथेच जनतेस जाब द्यावा लागला. धर्मग्रामाच्या वास्तूत काही वर्षांपुरते राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही हा फरक ध्यानी ठेवावा.